मॅडम, तुम्ही रागावलात का?

चित्रकलेच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलांना विचारलं की सगळ्यात अवघड चेहरा कुठला, तर बहुतेक जण सांगतात, रडणारा. खरं तर रडणारा चेहरा काढायला सोपा असतो. भुवयांची आतली टोकं वर उचललेली, ओठांचे कोपरे खाली, हनुवटीला बारीक खळगे. धरून ठेवायला भरपूर खुणा असतात. अवघड असतो तो कोरा चेहरा. समोर कोणीतरी नुसतं बसलंय, काही विशेष चाललेलं नाही, हे कागदावर उतरवणं मोठमोठ्यांना जमत नाही.

म्हणून मी एक सराव ठेवलाय. मुलांना जोडीजोडीने समोरासमोर बसवते. एकाने चेहऱ्यावर काही न आणता बसायचं, दुसऱ्याने चारकोलने त्याचा चेहरा काढायचा. काढून झालं की कागद उलटा करून मागे एक ओळ लिहायची: समोरच्याला आत्ता काय वाटतंय? हाच सराव मी मोठ्या माणसांच्या बॅचलाही देते. त्यांच्या कागदामागे 'दमलेला', 'शांत', 'काही खास नाही' असलं काहीतरी असतं. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचे कागद उलटले की वेगळंच दिसतं. 'माझ्यावर चिडलाय.' 'तिला माझ्याबरोबर बसायचं नव्हतं.' 'मनातल्या मनात माझ्या चित्राला हसतोय.' ही गोष्ट ओळीपुरती राहत नाही, ती चित्रातही उतरते. काढताना भुवई नाकाकडे झुकते, तोंडाची रेघ जराशी खाली वळते. आणि समोर बसलेला मुलगा चित्र बघून म्हणतो, "मी कुठे असा बसलो होतो?"

या वयाच्या मुलांना शिकवताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न चित्रकलेबद्दलचा नाहीच. तो आहे, "मॅडम, तुम्ही रागावलात का?" मी हजेरी बघत असते, किंवा पेन्सिलीला टोक काढत असते, किंवा खिडकीतून येणारा उजेड किती वेळ टिकेल याचा अंदाज घेत असते. चेहरा आपला असतो तसा असतो. विचारणारं मूल मात्र खरोखर काळजीत असतं. आणि ही विचारणारी मुलं मला फार मोलाची वाटतात, कारण बाकीची विचारतच नाहीत. ती मनाशी ठरवून टाकतात की मॅडम चिडल्यात, आणि तासभर गप्प तरी बसतात किंवा उलट उत्तरं देतात.

दुसऱ्या बाजूला पालक असतात. "आम्ही दिवसभर किती दमतो, याला चेहऱ्यावरून कळत नाही का?" "मी रडकुंडीला आलेली दिसत होते, तरी ही मोबाइलमध्येच." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. माझं म्हणणं सरळ आहे: नाही, अजून पुरतं कळत नाही. चेहरा वाचणं हे या वयात अर्धवट शिकून झालेलं काम असतं. त्याला उद्धटपणा किंवा कोरडेपणा म्हणणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

आधी चेहऱ्याबद्दल थोडं, कारण हे माझं रोजचं काम आहे. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने 1862 साली एक पुस्तक छापलं. लोकांच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य धक्का देऊन कुठला स्नायू काय हालचाल करतो, हे त्याने फोटोंसकट नोंदवून ठेवलं होतं. त्याला दिसलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण हुकमाने हलवू शकतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आखडतो, आणि तो असा सांगून सहसा हलत नाही. मी मुलांना एकमेकांचं हसू काढायला लावते तेव्हा आधी तोंड झाकायला सांगते. डोळ्यांखाली फुगीर वळकटी आली का, बाहेरच्या कोपऱ्याला बारीक रेषा पडल्या का, तेवढंच बघायचं. दहा वर्षांच्या मुलांना हा खेळ वाटतो. तेरा वर्षांची मुलं आधी लाजतात, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांत इतका वेळ बघायची त्यांना सवय नसते, पण एकदा दिसायला लागलं की त्यांच्याइतकं बारकाईने कोणी बघत नाही.

भीती आणि आश्चर्य यांतला फरक शिकवायला मात्र घाम निघतो. दोन्हींत डोळे विस्फारतात, दोन्हींत तोंड उघडतं. आश्चर्यात भुवया सरळ कमानीसारख्या वर जातात, कपाळावर आडव्या लांब रेषा पडतात, जबडा सैल सुटतो. भीतीत भुवया वर तर जातात, पण त्याच वेळी एकमेकींकडे ओढल्या जातात, त्यामुळे त्यांची कमान मोडून त्या सपाट होतात. खालची पापणी ताणली जाते. ओठ मागे कानांकडे खेचले जातात. कागदावर हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो. प्रत्यक्षात तो क्षणभर दिसतो आणि जातो. आता सांगा, तेरा वर्षांच्या मुलाने आईच्या चेहऱ्यावरून हे भरभर जाणार्‍या क्षणात नेमकं ओळखावं, ही अपेक्षा केवढी मोठी आहे!

बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये डेबोरा युर्गेलन-टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी किशोरवयीन मुलांना घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. अभ्यास लहान होता, थोड्याच मुलांवर केलेला. पण त्यात जे दिसलं त्याची चर्चा अजून होते. तोच फोटो मोठ्या माणसांनी भीती म्हणून ओळखला, आणि मुलांपैकी कितीतरी जणांनी त्याला धक्का, गोंधळ किंवा राग म्हटलं. मुलांच्या मेंदूत अमिग्डाला हा भाग जास्त चेतला जात होता. धोक्याची चाहूल लागली की आधी जागा होणारा भाग तो हाच. मोठ्यांमध्ये मात्र कपाळामागचा, विचार करून ठरवणारा भाग जास्त काम करत होता. हा पुढचा भाग पुरता पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून पुढे आलंय. एवढ्यावरून 'किशोरवयीन मेंदू म्हणजे नुसती भावना' असं कोणी म्हणू लागलं तर मला ते पटत नाही. तशी मुलं मी पाहिलेली नाहीत. पण पहिला अंदाज भरकन येतो आणि तो तपासून बघायला वेळ लागतो, एवढं मात्र मी रोज पाहते.

सगळ्याच भावना एकाच वेळी कळायला लागत नाहीत. आनंद सर्वांत आधी. शाळेत जायला लागलेलं मूलही हसरा चेहरा जवळपास मोठ्यांइतकाच नीट ओळखतं. 2015 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सहा ते सोळा वर्षांच्या 478 मुलांची चाचणी घेतली. वयाबरोबर बऱ्याच भावनांची ओळख सुधारत गेलेली दिसली, पण राग आणि किळस यांच्या बाबतीत नुसतं वय वाढणं पुरत नव्हतं, मूल वयात आलंय की नाही यानेही फरक पडत होता. म्हणजे एकाच इयत्तेत शेजारी बसलेली, एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं रागाच्या बाबतीत वेगवेगळ्या पायरीवर असू शकतात. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आठवीच्या बॅचचं कोडं जरा उलगडल्यासारखं झालं. त्या बॅचमध्ये काही मुलांचा आवाज फुटलेला असतो, काहींचा नाही, आणि कागदामागच्या ओळींत तेवढीच तफावत असते.

रागाबद्दल आणखी एक अभ्यास आहे, 2007 चा, आणि तो मला फार आवडतो कारण त्याची पद्धत चित्रकाराची आहे. संशोधकांनी कोऱ्या चेहऱ्यापासून रागीट चेहऱ्यापर्यंत, कोऱ्यापासून घाबरलेल्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने बदलत जाणाऱ्या प्रतिमा तयार केल्या. थोडासा राग, मग जरा जास्त, मग भरपूर. मुलं, किशोरवयीन आणि मोठी माणसं कुठल्या टप्प्यावर भावना ओळखतात ते पाहिलं. भीतीची जाण वयाबरोबर सावकाश, सरळ वाढत गेली. रागाची तशी वाढली नाही. लहान मुलं आणि किशोरवयीन यांच्यात फारसा फरक नव्हता, आणि मग किशोरवयापासून मोठेपणापर्यंत एकदम उडी. सौम्य राग, म्हणजे आवरून धरलेला, ओठ घट्ट मिटून गिळलेला, तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पुष्कळदा दिसतच नाही.

आता घरातलं भांडण आठवून बघा. बाप आधी आवाज चढवत नाही. तो नुसता बघतो. त्याच्या मते त्याने इशारा दिलाय. मूल आपल्या नादात बोलत राहतं. बाप जबडा आवळतो, हा दुसरा इशारा. मूल अजून बोलतंय. मग बाप ओरडतो, आणि मूल दचकून म्हणतं, "एकदम काय झालं तुम्हाला?" बापाला वाटतं, हा नाटक करतोय. मुलाच्या दृष्टीने मात्र ते खरोखर एकदमच झालेलं असतं.

पण मग हीच मुलं कोऱ्या चेहऱ्यात राग कशी शोधतात? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण दोन्ही गोष्टी मी पाहिल्यात. मला जे समजलं ते असं. जेव्हा खुणा पुसट असतात तेव्हा मूल अंदाजाने रिकामी जागा भरतं, आणि या वयात अंदाज बांधायचा तो स्वतःबद्दलच्या काळजीतून. लोक माझ्याकडे कसे बघतात, मी त्यांना आवडतो का, हा विचार दिवसरात्र चालू असतो. त्यामुळे खरा पुसट राग निसटतो, आणि नसलेला राग, विशेषतः स्वतःवरचा, दिसतो. संशोधनातही असं आढळतं की ज्या किशोरवयीन मुलांना नैराश्य आलंय, किंवा जी सतत मारामाऱ्या करतात, त्यांचा कोऱ्या आणि संदिग्ध चेहऱ्यांचा अर्थ वाईट बाजूला झुकलेला असतो. नैराश्यातल्या मुलाला त्यात दुःख किंवा नापसंती दिसते, चिडक्या मुलाला शत्रुत्व दिसतं.

2002 साली सॅन दिएगोच्या विद्यापीठात सुमारे 300 मुलामुलींवर आणि तरुणांवर झालेला एक प्रयोगही सांगायला हवा. चेहरा किंवा भावनेचा शब्द पडद्यावर दाखवायचा आणि तो सांगितलेल्या भावनेशी जुळतो का ते पटकन सांगायचं. अकरा-बारा वर्षांच्या आसपास मुलांचा वेग आधीच्या वयापेक्षा 10 ते 20 टक्क्यांनी कमी झाला आणि सोळा-सतराच्या सुमारास परत जागेवर आला. त्यानंतरच्या सगळ्याच अभ्यासांना ही घसरण सापडलेली नाही, म्हणून मी ती पालकांना नियम म्हणून सांगत नाही. तरी "आमचं मूल आधी किती समजूतदार होतं, आता काय झालंय कोण जाणे" असं कोणी म्हटलं की मला हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट एका बाईची आहे. संशोधनाच्या लिखाणात तिला नुसत्या आद्याक्षरांनी ओळखतात, एस. एम. एका दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले होते. तिला चेहरे ओळखू यायचे, आनंद, दुःख कळायचं, पण घाबरलेला चेहरा ओळखता यायचा नाही. 1990 च्या दशकात राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी तिला भावनांची चित्रं काढायला सांगितली. तिचा हात चांगला होता. हसणारा, रडणारा, रागावलेला, चकित झालेला चेहरा तिने व्यवस्थित काढला. भीतीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की घाबरलेला चेहरा कसा दिसतो हेच मला माहीत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर तिने चेहऱ्याऐवजी एक रांगत जाणारी छोटी आकृती काढली.

पुढे 2005 मध्ये त्याच संशोधकांना कळलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपण होऊन बघतच नाही. "डोळ्यांकडे बघ" असं सांगितलं की भीती ओळखणं तिला इतरांइतकंच जमायचं. सांगणं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं. किशोरवयीन मुलांना असा काही आजार नसतो, आणि मी त्यांची तिच्याशी तुलना करत नाहीये. पण नजर कुठे ठेवायची यावर काय दिसतं ते ठरतं, हे त्या एका बाईमुळे जितकं स्पष्ट कळलं तितकं मला दुसऱ्या कशाने कळलेलं नाही. माझ्या वर्गातली मुलं चेहरा काढताना तोंडापासून सुरुवात करतात. डोळे शेवटी, घाईघाईत, बदामाच्या आकाराचे दोन ठरलेले ठसे. मी उलटं करायला लावते. आधी डोळे आणि भुवया, त्याही समोर बघून, पाठ केलेल्या नव्हेत. एका मुलीने असा सराव दोन-तीन आठवडे केल्यावर मला म्हटलं, "मॅडम, माझ्या आजीचे डोळे बोलताना सारखे दाराकडे जातात, मी कधी बघितलंच नव्हतं." आजी कोणाची वाट बघते हे तिला माहीत होतं. डोळे बघितले नव्हते.

काही मुलं मात्र राग सर्वांच्या आधी ओळखतात. भुवई हलायच्या आत. अशा मुलाचं मला कौतुक वाटण्याआधी काळजी वाटते. सेथ पोलक या मानसशास्त्रज्ञाने मारहाण सोसलेल्या मुलांवर बरीच वर्षं काम केलंय. धूसर चित्र हळूहळू स्पष्ट होत जाताना ही मुलं रागीट चेहरा इतरांपेक्षा आधी, खूप कमी खुणांवरून ओळखतात. भीती आणि राग यांच्या मिश्रणातही त्यांना राग लवकर दिसतो. साहजिक आहे, त्यांना ते ओळखण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वर्गात एक मुलगा होता, पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांवरून मूड सांगायचा आणि बरोबर सांगायचा. बाकीची मुलं त्याला जादूगार म्हणायची. मी शाळेच्या समुपदेशक बाईंशी बोलले. त्यापुढचं सगळं त्याचं खाजगी आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पण शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे: चेहरा वाचण्यात फार मागे असलेलं मूल आपल्या नजरेत भरतं, फार पुढे असलेलं भरत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांच्या मनाला लागते, पण ती सांगायलाच हवी. लहान मुलाच्या जगात मोठ्यांचे चेहरे सर्वांत महत्त्वाचे असतात. वयात येताना हे बदलतं. 2016 च्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांना मोठ्यांचे चेहरे जास्त चांगले लक्षात राहिले, आणि किशोरवयीनांना आपल्याच वयातले, त्यातही शारीरिक वाढीच्या आपल्याच टप्प्यावरचे चेहरे. हा अभ्यास चेहरा लक्षात ठेवण्याबद्दलचा होता, भावना ओळखण्याबद्दलचा नव्हता. पण यामागचं कारण ओळखीचं आहे. मुलाला आता मित्रांमध्ये जागा मिळवायची असते, तर त्याची नजर तिकडेच शिकायला जाणार. मैत्रिणीच्या भुवईतला सूक्ष्म बदल टिपणारी मुलगी आईचा उतरलेला चेहरा बघत नाही, हे म्हणून मला अजिबात विचित्र वाटत नाही. तुसडेपणा, कौतुक, कोणीतरी आपल्यात रस घेतंय की टिंगल करतंय, असल्या गुंतागुंतीच्या छटा ती याच वर्षांत शिकत असते. तो अभ्यासक्रम भरगच्च आहे.

आता एक तक्रार. बऱ्याच शाळांच्या भिंतींवर भावनांचे तक्ते लावलेले असतात. सहा चेहरे, खाली सहा नावं. ही सहाची कल्पना मुख्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून आली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवले, आणि आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य या भावना जगभर चेहऱ्यावरून ओळखल्या जातात असं मांडलं. त्यांच्या आणि त्यांचे सहकारी फ्रीझन यांच्या 1976 च्या 110 फोटोंच्या संचावर कितीतरी पुढचं संशोधन उभं आहे. काम मोठंच आहे. पण ते फोटो ठरवून, भावना ठसठशीत दाखवून काढलेले. रोजच्या आयुष्यात असे चेहरे क्वचित दिसतात. 2019 मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार शास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा प्रचंड मोठा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की राग आलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ते सुमारे 30 टक्के वेळाच. उरलेल्या वेळी ती गप्प होतात, हसतात, रडतात, उठून निघून जातात. आणि आठ्या घालणारं प्रत्येक जण रागावलेलं नसतं, कोणी नुसतं एकाग्र असतं, कोणाला उजेड टोचत असतो. मी तर काढताना कायम आठ्या घालते.

म्हणून तक्ता पाठ करून घेणं मला मुलांच्या हिताचं वाटत नाही. चेहरा बघायला शिकवावं आणि त्याबरोबर हेही शिकवावं की चेहऱ्यावरून काढलेला अर्थ हा अंदाज आहे. विचारल्याशिवाय तो पक्का होत नाही. चेहऱ्याबरोबर हात बघा, बसण्याची पद्धत बघा, आवाज ऐका, आधी काय घडलं ते आठवा. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांची डोळ्यांची एक प्रसिद्ध चाचणी आहे, 36 फोटो, फक्त डोळ्यांची पट्टी, आणि प्रत्येकासाठी चार शब्दांतून एक निवडायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ती फार आवडते. त्यांना मी गुणांवरून एकमेकांना चिडवू देत नाही. चाचणीत शब्दांचीही परीक्षा असते. 'साशंक' आणि 'चिंतातुर' हे शब्द ज्याच्या तोंडात नाहीत त्याला डोळ्यांतला तो फरक सांगता येणार कसा?

मोबाइलबद्दल विचारल्याशिवाय कुठलेच पालक मला सोडत नाहीत, तेव्हा तेही. 2014 साली कॅलिफोर्नियात सहावीच्या 51 मुलांना पाच दिवस निसर्ग शिबिरात, कुठल्याही स्क्रीनशिवाय ठेवलं. त्याच शाळेतली 54 मुलं आपल्या नेहमीच्या दिनक्रमात राहिली. पाच दिवसांनी शिबिरातल्या मुलांची फोटो आणि व्हिडिओतल्या भावना ओळखण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलेली होती. यावरून काही जण सरळ फोन काढून घ्यायच्या निर्णयाला येतात. पण शिबिरात दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या: स्क्रीन गेली, आणि दिवसभर समोरासमोरची माणसं मिळाली. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. फोन काढून घेऊन मुलाला खोलीत एकटं बसवलं तर त्याला चेहरे दिसणार कुठून? आणि घरातली मोठी माणसं स्वतः खाली मान घालून बसलेली असतील तर फक्त डोक्याचा माथा दिसेल.

झोपेचं मात्र मी ठामपणे सांगते. 2010 च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या प्रौढांना मध्यम तीव्रतेचा राग आणि आनंद ओळखणं जड गेलं, आणि झोप मिळाल्यावर ते पुन्हा जमलं. प्रौढांची ही गत, तर परीक्षेच्या दिवसांत अर्धवट झोपून आलेल्या मुलांकडून आपण काय अपेक्षा करायची? त्या दिवसांत मी कोऱ्या चेहऱ्याचा सराव ठेवतच नाही. मुलं बाटल्या आणि पानं काढतात.

मी स्वतः काय करते ते सांगते. वर्गात शिरल्यावर, चेहरा नेहमीपेक्षा वेगळा असण्याची शक्यता असेल तर बोलून टाकते. "आज माझं डोकं दुखतंय. मी चिडलेली दिसेन. तुमच्यापैकी कोणावरही चिडलेली नाही." याला दहा सेकंद लागतात. रागावले असेन तरी सांगते, कशावरून आणि कोणावर, तेही. हळूहळू मुलंही तसं बोलायला लागली. "मी रुसलेलो नाही, मला नुसती भूक लागलीय," असं एक मुलगा जोडीदाराला म्हणाला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशीच्या चित्रांत एकही चूक काढली नाही.

घरी करून बघायचं असेल तर चारकोल वगैरे काही लागत नाही. जेवायच्या आधी पाच मिनिटं समोरासमोर बसा, बोलू नका, आणि मग दोघांनी एकेक चिठ्ठी लिहा: समोरच्याला काय वाटतंय. खाली दुसरा प्रश्न लिहा: कशावरून? हा दुसरा प्रश्न मी अलीकडे माझ्या सरावात घातलाय आणि त्यानंतर 'माझ्यावर चिडलाय' लिहिणारे कमी झाले, कारण कशावरून हे लिहायला गेलं की काहीच सापडत नाही आणि मूल पुन्हा एकदा वर बघतं. चिठ्ठ्या उघडल्यावर मुलाचा अंदाज चुकला तर हसू नका, आणि "तुला एवढंही कळत नाही" तर मुळीच म्हणू नका. तुम्हाला त्या पाच मिनिटांत खरंच काय वाटत होतं ते त्याला सांगा, उद्याच्या हप्त्याची काळजी वाटत होती तर ती, त्याच्याबद्दल बरं वाटत होतं तर ते.